घाटावरचं पोतं

तिसरी गाय पडली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आधीच्या दोघी पहाटेच आडव्या झाल्या होत्या. पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली, डोळे आत गेलेले, आणि दात करकर खात होत्या. शेण पाण्यासारखं पातळ, आणि त्याला आंबट वास. शिळ्या पेजेच्या मडक्यावरचं झाकण काढलं की येतो तसा. तो वास नाकात गेला आणि मला कळलं, हे मीच केलंय.

तिसरीने मागचे पाय आधी टाकले, मग पुढचे. सिमेंटच्या कोब्यावर तिची हनुवटी आपटली. मी शेपटी धरून तिला उठवायला गेले. एवढं मोठं जनावर एका बाईच्या हाताने उठत नाही हे मला माहीत होतं. तरी ओढत होते.

नवरा त्याच वेळी अंगणात आला. आदल्या सकाळी तो फोंडाघाटाला गेला होता, पोती मिळतात का बघायला. घाटात दरड कोसळून पाच दिवस झाले होते. आमच्या सहा जर्सी गायी जे पशुखाद्य खायच्या ते कोल्हापूरकडून ट्रकने यायचं, आणि ट्रक वर अडकले होते. त्याने रात्र एसटी स्टँडवर काढली आणि पहिल्या गाडीने रिकाम्या हाताने परत आला. गोठ्यात बघितलं आणि छत्री न मिटताच विचारलं,

"काय घातलंस गो तेंका?"

"नेहमीचाच," मी म्हटलं.

खोटं बोलले. दाराशी लग्नकार्यातला मोठा टोप पडला होता. त्याच्या तळाला शितं चिकटलेली होती. त्याने टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करायला पंचायतीकडे पळाला.

मी भात का घातला ते सांगते. आमच्याकडे पेज हे सगळ्यावर औषध. ताप आला, पेज. बाळंतीण झाली, पेज. दुसरं काही सुचलं नाही तरी पेज. गाय व्यायली की तिलाही थोडी कोमट पेज देतात, आणि तांदळाचं धुवण तर रोजच जातं गुरांना. पोती संपल्यावर आमच्या गायी दोन दिवस हंबरत होत्या. सुक्या गवताला तोंड लावून फिरवून घेत होत्या, कारण त्यांना पोत्याची सवय. दूध निम्म्यावर आलं. नवरा घरात नव्हता आणि कणग्यात तांदूळ होता. मी आठ पायली तांदूळ दोन खेपांत शिजवला आणि सहा जणींना वाढला. त्या तुटून पडल्या. मला बरं वाटलं. थोड्याने बरं वाटतं तर जास्त दिल्यावर जास्त बरं वाटेल, एवढीच माझी अक्कल चालली. मी चौथी शिकलेली. पण हे चौथीचं काम नव्हतं, विचारायचं काम होतं, आणि मी कोणाला विचारलं नाही.

डॉक्टर मोटारसायकल साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, पलीकडे ठेवून पाण्यातून चालत आला. तरुण होता, आवाज मऊ.

"काकी, काल काय घातलं यांना?"

"गवत. थोडा कोंडा."

दुसऱ्यांदा खोटं. त्याने पोटफुगीचं औषध पाजायला घेतलं. त्यात तासभर गेला. तेवढ्यात पहिली गाय गेली. मग त्याने शेण हातात घेऊन वास घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा डॉक्टरशी पुस्तकातलं बोलायचा.

"हिने भात घातलाय साहेब. टोप भरून."

"किती?"

आता मी बोलले. "आठ पायली. सहा जणींना."

"त्यांच्या पोटात तो आंबलाय. खायचा सोडा आणा. जेवढा मिळेल तेवढा आणा."

वाडीतल्या दुकानातला सगळा सोडा आणला. बांबूच्या नळ्याने पाण्यातून पाजला. ज्या उभ्या राहू शकत होत्या त्यांना भर पावसात अंगणात फिरवलं. दुपारपर्यंत तीन गेल्या, चौथी दुसऱ्या दिवशी. वाचल्या दोन. या दोघी नेहमी मागे राहणाऱ्या. दांडग्या गायी त्यांना शिंगाने ढकलायच्या, म्हणून त्यांच्या वाट्याला भात कमी आला होता.

डॉक्टर निघताना एवढंच म्हणाला, "काकी, पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगायचं होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते.

आणखी एक गाय होती. गावठी, तांबडी, गुडघ्याएवढी म्हणावी इतकी लहान. माझ्या सासूच्या वेळच्या गुरांतली शेवटची. ती मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, बांधलेली असायची आणि दिवसभर कुंपणं खात फिरायची. दूध देऊन देऊन तांब्याभर. तिला मी भात दिला नव्हता, कारण तिच्यासाठी शिजवलाच नव्हता. चार गायी पुरायला वाडीतली माणसं खड्डे खणत होती तेव्हा ती बाजूला उभी राहून पांगाऱ्याची फांदी ओढत होती. पाच दिवस घाट बंद होता हे तिला कळलंच नव्हतं.

चौघींना खालच्या बागेत पुरलं. पुढच्या वर्षी मी तिथे केळी लावल्या. तिथल्यासारखे घड वाडीत कोणाकडे येत नाहीत. लोक विचारतात, मी सांगते खाली काय आहे. मग विचारत नाहीत.

गायी पुरल्यावर चार दिवसांनी जेवताना नवरा म्हणाला, "ह्यो दोन जर्सी विकूया. गोठ्याक कुलूप घालूया आणि झिलाकडे जावया."

मुलगा कुडाळात नोकरीला होता, दोन खोल्यांत. चांगला मुलगा, सूनही चांगली. पण दोन खोल्यांत मी काय करणार होते? दार उघडून दुसऱ्याचं दार बघायचं.

"मिया हयसून जावचंय नाय," मी म्हटलं.

"रव्हान काय करतलंस? परत शीत घालतलंस?"

हे त्याने बोलायला हवंच होतं. मी ताटावरून उठले नाही. म्हटलं, "माका दोन पावसाळे देवा. दोन पावसाळे घाटावरचा एक पोता हाडूचा नाय. तेच्यात एक जरी ढोर मेला तर तुमी सांगशात थंय येतलंय."

"आणि नाय मेला तर?"

"तर परत ह्या इचारूचा नाय."

तो हसला. गोठा त्याचा अभिमान होता. सिमेंटचा कोबा, पाण्याच्या तोट्या, सकाळी दूध केंद्रावर सगळ्यांत आधी आमचे कॅन. माझ्या अटीवर तो हरणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून त्याने हो म्हटलं. जर्सी पोत्याशिवाय जगत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

मी आधी काही केलं नाही. महिनाभर फक्त बघत राहिले, आमच्या जागेतून बाहेर काय जातं आणि आत काय येतं. बघितलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. भात गिरणीवर भरडायला न्यायचो आणि कोंडा गिरणीवाल्याला ठेवून यायचो, कोण ओझं आणणार म्हणून. खोबरं घाण्यावर द्यायचो, तेल आणायचो, पेंड तिथेच. झाडांखालचा पातेरा, म्हणजे सुकून पडलेली पानं, गोळा करून जाळायचो. कुळथाचा भुसा शेतातच उडून जायचा. कोब्यावरचं गोमूत्र पाइपाने धुवून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडायचो आणि माडांना खताची पोती विकत आणायचो. म्हणजे आमचाच कोंडा आणि आमचीच पेंड दुसऱ्याच्या दारात टाकून तसलंच काहीतरी पोत्यात शिवलेलं घाट उतरवून आणत होतो. वर घाट बंद झाला की रडत होतो.

पहिलं काम कोबा फोडायचं. निम्मा ठेवला, निम्मा पहारीने फोडला, आणि तिथे हातभर पातेरा घातला. गायी त्यावर बसणार, त्यातच शेणमूत करणार, मी वर रोज नवा पातेरा टाकणार. चार महिन्यांनी ते सगळं उपसून माडांच्या आळ्यांत. उरलेल्या कोब्याचा उतार फिरवला आणि गोमूत्र पाटाने थेट बागेत सोडलं. नवरा ओट्यावर बसून बघत होता. मदत केली नाही, पण कुदळीचा दांडा सैल झाला तेव्हा पाचर ठोकून दिली.

मालवणहून मासे घेऊन येणारी बाई दारात उभी राहून तमाशा बघत होती. माझ्याच वयाची, तोंडाची फाटकी.

"काय गो वयनी, गोठो फोडलंस! आता गायी खंय बांधतलंस, माडार?"

"तुझ्या पाटयेत."

"माझ्या पाटयेत बांगडे आसत. तुझ्या गायींक ते पण घालशीत. तुझो काय नेम नाय."

भाताची गोष्ट मालवणच्या बाजारापर्यंत पोचली होती. मी ऐकून घेतलं आणि तिला सांगितलं की डोकी, आतडी, कुजलेला माल जे फेकतेस ते आठवड्याला एकदा मला आण, बदल्यात नारळ ने. तीही पक्की. दर वेळी नारळ हलवून बघायची. ती घाण मी माडांच्या मुळात पुरायचे. खताचं पोतं तिथेच बंद झालं.

दसऱ्यानंतर कातळावरचं गवत कापलं. आधी आम्ही उडवी, म्हणजे गवताची गंजी, रचायचो ती नावाला. त्या वर्षी दोन मोठ्या रचल्या. माझा हिशेब असा की उन्हाळ्याच्या तोंडावरची आंगणेवाडीची जत्रा होईपर्यंत उडवीला हात लावायचा नाही, आणि पावसाळा लागताना एक उडवी पुरी शिल्लक पाहिजे. भात कापल्यावर सगळ्या मळ्यात कुळीथ आणि चवळी टाकली. गिरणीवरून कोंडा डोक्यावरून आणला. गिरणीवाला म्हणाला, इतकी वर्षं नको होता, आता काय झालं? मी म्हटलं, आता अक्कल आली.

कुंपणाला गिरिपुष्पाच्या, म्हणजे पाल्यासाठी लावतात त्या झाडाच्या, काठ्या लावल्या, तीन बाजूंनी. सरकारी माणूस फुकट वाटून गेला होता आणि लोकांनी त्या परसात टाकून दिल्या होत्या. मी सगळ्यांच्या गोळा केल्या.

पहिल्या पावसाळ्यात माझी जिरली. गिरिपुष्पाला पाला आला, मी कापून जर्सींपुढे टाकला. त्यांनी हुंगला आणि फुरफुर केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. कोंडा आणि पेंड जपून द्यायची होती, गवत त्या अर्धं खायच्या. त्यांतली एक उतरत गेली. बरगड्या मोजता येऊ लागल्या. नवरा रोज सकाळी यायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा,

"जर्सी म्हणजे काय शेळी आसा, पालो खावक?"

घाबरले होते का? होते. कुडाळच्या खोल्या दिसत होत्या.

मग मी गावठीकडे बघितलं. ती कुंपणाचा ताजा पाला खात नव्हती. आदल्या दिवशी कापून पडलेला, कोमेजलेला खात होती. म्हणजे वास उडाला की चालतो. मी पाला दिवसभर पडवीत पसरून ठेवला. तरी जर्सी तोंड लावेनात. तेव्हा गावठीला मांगरातून आणून दोघींच्या मधे बांधलं आणि एकाच गव्हाणीत पाला टाकला. गावठी कचाकच खायला लागली. तिसऱ्या दिवशी रोडकीने तिच्या तोंडातली फांदी ओढली. चौथ्या दिवशी दुसरीने. गुरं माणसांसारखीच, शेजारीण खातेय म्हटल्यावर हवं असतं. तो पावसाळा तिघींनी काढला. दूध कमी, पण रोज.

दिवाळी झाल्यावर रोडकी जर्सी माजावर आली. नवरा म्हणाला, डॉक्टरला सांगून जर्सीचंच बी भरून घेऊ. मी तिला वाडीतल्या गावठी पाड्याकडे नेलं. मला मोठं वासरू नको होतं आणि मोठं पोटही नको होतं. परत आले तर तो वाटेतच उभा.

"चांगली जात आसा ती. तिका ह्यो खुरटो पाडो दाखयलंस? लोक माका हसतले."

"हसांदेत. लोक काय गवत घालूक येतत?"

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. ते चार दिवस कामं भरभर झाली.

कोंबड्या गोठ्यात सोडल्या, त्यांनी गोचिडी संपवल्या. शेणाची गॅसटाकी बांधून घेतली, पण ती नवऱ्याने आपणहून. मला म्हणाला, आपलं शेण एवढं आहेच तर. त्याच्या तोंडून 'आपलं शेण' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणातच घाट पुन्हा बंद झाला. बातमी मासेवालीने आणली. "वयनी, घाट पडलो. टोप घासून ठेवलंस मा?" मी तिला उडवी दाखवली, पडवीतला पाला दाखवला, कोंड्याची तीन पिंपं उघडून दाखवली. ती म्हणाली, "बरा आसा," आणि त्या दिवशी नारळ न हलवता घेतला.

बंदच्या सहाव्या दिवशी रोडकी व्यायली. पाडी झाली, लहान, तांबडी, पायांवर लगेच उभी. आणि दुसऱ्या सकाळी आई बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान थंड, डोळे लागलेले. नवरा गोठ्यात आला. दोन वर्षांपूर्वी उभा होता तिथेच उभा राहिला. ही मेली तर कुडाळ.

मीच पंचायतीकडे गेले आणि फोन केला. तोच डॉक्टर आला, पुन्हा साकवावरच्या पाण्यातून.

"काकी, काय घातलं—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सुरू केलं. काल सकाळी दोन पेंढ्या गवत. कोमेजलेला गिरिपुष्प, एक भारा. शेरभर कोंडा, अर्धा शेर खोबऱ्याची पेंड, भिजवून. कुळथाचा भुसा. संध्याकाळी पुन्हा गवत. व्यायल्यावर कोमट पेज, एक वाटी, त्यात गूळ. एकच वाटी. भात नाही, शीत एकही नाही.

तो हसला नाही. तिच्या कानाला हात लावला, पोट दाबून बघितलं. "यातलं काही चुकलेलं नाही. जर्सी व्यायली की अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं, म्हणून ती बसलीय. पोत्यावर असती तरी बसली असती."

त्याने बाटली उलटी धरली आणि मानेच्या शिरेत सुई घातली. बाटली हळूहळू रिकामी झाली. मी गायीचं डोकं धरून बसले होते. नवरा हळूच म्हणाला, "ही बाटली खंयची? घाटावरची?"

"बाटली आसा. पोता नाय," मी म्हटलं.

डॉक्टरला आमच्या अटीबद्दल काही माहीत नव्हतं. तो आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

अर्ध्या तासाने गायीने ढेकर दिली, शेण टाकलं, आणि मागचे पाय आधी उचलून उभी राहिली. थरथरत होती, पण उभी. पाडी तिच्या आचळाला गेली. नवऱ्याने छत्री उघडली आणि डॉक्टरला साकवापर्यंत सोडायला गेला. परत येताना कापलेल्या पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन आला. मी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला मुदत संपली. मी वाट बघत होते, तो विषय काढील म्हणून. त्याने काढला नाही. घाटावरचं पोतं त्यानंतर आमच्याकडे आलं नाही. पुढे पुण्याकडून काही माणसं बघायला आली, त्यांनी या सगळ्याला एक इंग्रजी नाव सांगितलं आणि वहीत चित्रं काढून नेली. मला नावाचं काही नाही. त्यांना जेवायला वाढलं, ताटातलं मीठ तेवढं विकतचं होतं.

नवरा पाच वर्षांनी गेला, म्हातारपणाने, आपल्या घरात.

भाताच्या त्या सकाळी गोठ्यात सहा जर्सी होत्या, त्यांतल्या दोन जगल्या. अटीच्या दोन पावसाळ्यांतून सगळेच जगलो. त्या दोन जर्सी, गावठी गाय, तांबडी पाडी, नवरा आणि मी.